शंकरने आणलेले आंबे

नागपूर, मंगळवार, १४ मे १९७४

फुटबॉल खेळाडूंनी क्लब बदलायची मुदत आज संपली. ज्याने जिथे सही केली, तो आता वर्षभर तिथला. म्हणून या दिवसांत दुसऱ्यांनी पळवून सही घेऊ नये यासाठी प्रत्येक क्लब आपला मोहरा लपवून ठेवतो. आम्ही सेंटर फॉरवर्ड रफिकला लपवलं, क्लबचा सेक्रेटरी म्हणून माझ्याच घरी, वरच्या खोलीत. हिने त्याला रोज आमरस वाढला. आंबे इतवारीतून आणायचा आमचा गोलकीपर शंकर, सायकलला टोपली बांधून.

आणि त्या शंकरनेच दुसऱ्या क्लबात सही केली. कालपासून आंबे आले नाहीत, तेव्हाच कळायला हवं होतं. पण गोलकीपरला कोण पळवतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो. आता वर्षभर गोलात उभं कोणाला करू?

बातमी कळताच त्याच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर बसला होता. मी विचारलं, "काहून केलं गा असं? पैसे जास्त देऊन राहिले का ते?"

"पैशाचं नाही जी. ते घरी आले अन् म्हणाले, चाल, तुले लपवून ठेवाचं आहे." मग मान खाली घालून म्हणाला, "इतक्या वर्षांत मले कोणी लपवलं नव्हतं."

मी उठून घरी निघालो. खोली एकच होती, हे खरं. पण दुसरी असती तर शंकरला ठेवलं असतं का मी?

घरी पाय ठेवला तर रफिक जिन्यातून विचारतो, "आजही आंबे नाही आले का जी?"