मेरिमच्या दोन ओळी

तीर्थरूप शार्शेनमामांना तोक्तोसुनचा आदरपूर्वक सलाम. मामींचा गुडघा आणि तुमची लाल घोडी, दोघी कशा आहेत? (मामींना आधी ठेवलंय, हे त्यांना मुद्दाम वाचून दाखवा.) माझी तब्येत ठीक, पोटात मात्र जळजळ आहे आणि तिचं नाव मेरिम.

घोडीचं दूध घुसळून, आंबवून कुमिस करणारं आमचं यंत्र माझ्या प्रोग्रामवर चालतं. रवीचा एक फेरा झाला की आतली चिप हातातलं काम टाकून धावत येते. त्याला इंटरप्ट म्हणतात. आता ती आलीच आहे, तर मी तिथल्या तिथे तिच्याकडून फेरा मोजून घ्यायचो, तापमान बघायला लावायचो, सरासरी काढवायचो, पडद्यावर आकडे लिहून मेमरीत नोंदही करवायचो. (आयता माणूस सापडल्यावर कोण सोडतं?) तर ही मेरिम, नोकरीला लागून तीन महिने झालेली, मला म्हणते, "तोक्तोसुनदादा, इंटरप्टच्या आत एवढं कोंबू नका. फेरा मोजा, खूण करा, बाहेर पडा. दोन ओळी." दोन ओळी! मग नऊ वर्षं मी इथे काय माश्या मारत बसलो?

मंगळवारी साठ घोड्यांच्या मालकीण ऐमकानआजी यंत्र बघायला आल्या. मी ऐटीत वेग वाढवला. फेऱ्यांच्या हाका इतक्या भराभर येऊ लागल्या की चिपला माझ्या कामांतून डोकं वर काढता येईना. तेवढ्यात आजींनी झाकण उघडलं. झाकण उघडलं की मोटर थांबायला हवी, पण ती हाक ऐकायला मोकळं होतं कोण? रवी फिरत राहिली आणि आजी टोपीपासून बुटांपर्यंत न्हाल्या. त्यांनी शांतपणे ओठ चाटले. "कुमिस झकास आहे रे. आंबलंय ते तुझं डोकं."

मेरिमनं दुपारपर्यंत माझी सगळी कामं उपसून बाहेर काढली; खूण दिसली की चिपनं ती सवडीनं करायची. मोटर थांबवणं मात्र आतच ठेवलं! मी लगेच पकडलं, "हे बरं चालतं आत?" तर म्हणाली, "ज्याला थांबून चालणार नाही, तेवढंच आत." मालक असानअलींनी तळलेल्या बोर्सोकची थाळी माझ्यापुढून उचलून तिच्यापुढे सरकवली. आजी चार यंत्रं बनवायला सांगून गेल्या. मला आनंदच झाला.

तुमचा भाचा,
तोक्तोसुन

ता. क. मी तिच्यावर जळत नाही.

ता. क. दुसरा: नव्या यंत्रात मीही दोनच ओळी लिहिल्यात. खूण होते, पण पुढचं काम एकदा व्हायचं ते होतच राहतं. मेरिम तुम्ही शिकवता त्या तंत्रशाळेतली ना? तिला विचारा, पण माझं नाव नको. पत्र तिच्याच हाती तुमच्याकडे नारिनला पाठवतोय. पाकीट चिकटवलंय.

ता. क. तिसरा: सर, पाकीट चिकटलं नव्हतं. खूण वाचली की लगेच पुसायची, एवढंच राहिलंय. तुम्हीच शोधलंत असं दादांना कळवा. — मेरिम