मढच्या कपारीतला रेघांचा मासा

९ जानेवारी १९५५, रविवार

नाही, तो भास नव्हता! हात अजून खाऱ्या पाण्याने चरचरतायत, पण आधी लिहिते, मग जेवते. वहिनीने दोनदा हाक मारली. मारू दे.

दुपारी वेसाव्याहून तरीच्या होडीने मढला गेले. काल पौर्णिमा झाली, त्यामुळे ओहोटी खूप आत गेली होती, एरवी न दिसणारे खडक उघडे पडले होते. आमच्या मत्स्यकेंद्राला नमुने आणून देणाऱ्या वनमालामावशी पुढे आणि मी पदर खोचून मागे. एका कपारीत गुडघाभर पाणी. तळाशी नारळाएवढे दोन-तीन प्रवाळाचे गोळे — आणि त्यांच्या फटीतून तो बाहेर आला! माझ्या अंगठ्याएवढा. अंग काळं-निळं, दौतीतल्या शाईसारखं. त्यावर उभ्या, बारीक रेघा, एक पांढरी, एक निळी, सगळ्या शेपटीकडे वाकलेल्या. शेपटी तर इतकी आरपार की आहे की नाही कळू नये. एवढासा जीव, पण दुसरा मासा कपारीत शिरला की अंगावर धावून जातो. कपार त्याची!

तीन वर्षं मी या किनाऱ्यावरच्या माशांची चित्रं काढतेय. हा मासा आमच्या यादीत नाही. कुठल्याच यादीत नसेल तर?

मावशींनी वाकून बघितलं. "यो तं पोर हाय, बाय. कड्यावाल्याचा. मोटा झाला का रेगा जातान नि खांद्याव कडा येतं."

कड्यावाला म्हणजे तो ताटलीएवढा तपकिरी मासा, पांढऱ्या शेपटीचा, कल्ल्याच्या वर निळं कडं असलेला. त्याचं चित्र मी डिसेंबरातच पुरं केलं. त्या धटिंगणाचं हे पोर? मला हसूच आलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही मासे धरा, शास्त्राचं आमच्यावर सोडा." त्याही हसल्या आणि पुढे चालू लागल्या.

डब्यात घालून आणला. होडीतच मेला बिचारा. केंद्रावर जाऊन फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवला, आणि आठवतंय तोवर तिथेच बसून रंगवला.

१० जानेवारी

संताप! नुसता संताप!

सकाळी बरणीत बघते तर मासा राखाडी. निळा गेला, रेघा जेमतेम. केंद्राचे प्रमुख बिवलकर साहेब आले, त्यांनी एकदा बरणीकडे पाहिलं, एकदा माझ्या चित्राकडे. "मिस प्रधान, हे रंग कुठून आणलेत? दिवाळीच्या रांगोळीतून?" सगळं ऑफिस हसलं!

आमची पद्धतच ही. मासा औषधात बुडवायचा, त्याचा रंग उडाला की साहेबांच्या कपाटातलं इंग्रजी अमदानीतलं पुस्तक उघडायचं आणि त्यातला रंग बरणीतल्या मढ्याला लावायचा. पुस्तकात नसेल तर तपकिरी. आमच्या निम्म्या चित्रांतले मासे तपकिरी आहेत! समुद्रात जाऊन बघायचं म्हटलं की साहेबांचे बूट भिजतात.

"असला मासा सिलोनच्या प्रवाळात असतो," म्हणाले. "मुंबईच्या गढूळ पाण्यात कसा राहील?" अहो, राहतो! मी पाहिला! वर म्हणाले, "तुमचं काम ब्रश चालवायचं. मासा कोणता ते आम्ही ठरवू."

ब्रश चालवायचं! घरी येईपर्यंत हेच कानात.

२३ जानेवारी, रविवार

उद्या अमावास्या. पुन्हा मढ. पुन्हा ओहोटी. मावशींनी वीतभर जाळीने अलगद उचलून दिला — तसाच, रेघांचा! या वेळी पितळी घागरीत आणला, पूर्ण वाट हाताने पाणी ढवळत. जिवंत! केंद्राच्या मागच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत सोडला. आता बघू कोण हसतं.

मावशी निघताना परत तेच म्हणाल्या. मी ऐकलंसुद्धा नाही नीट.

२४ जानेवारी

साहेबांनी जिवंत मासा पाहिला. पाच मिनिटं पाहिला. मग म्हणाले, "चुकून वाहत आलेला दिसतो." आणि नोंदवहीत 'भटका' असं लिहिलं.

भटका! दोन अमावास्या-पौर्णिमांत दोन मासे, त्याच कपारीत, आपापली फट सांभाळून बसलेले — ते भटके? माणूस चूक कबूल न करण्यासाठी काय काय करील!

१६ फेब्रुवारी

मासा मजेत आहे. आमचे लवू टाकीचं पाणी बदलतात, कोलंबीचे बारीक तुकडे घालतात. मालवणकडचा माणूस, माशाशी गप्पा मारतो. मी तळाशी दगड रचून कपार करून दिलीय. तीत शिरून बसतो आणि मी बोट लावलं की काचेवर धडक मारतो. मला आवडतो. माझ्यासारखाच रागीट!

आज मनाशी ठरवलं. मद्रासच्या एका मोठ्या माशांच्या तज्ज्ञांना थेट पत्र घातलं, चित्रासकट. साहेबांना न विचारता.

१५ मार्च

साहेबांना कळलं. मेमो! "शिस्तभंग." माझी जागा हंगामी, ऑक्टोबरात मुदत संपते — तेवढं आठवण करून दिलं.

रात्रीच्या जेवणाला दादा म्हणाला, "कुंदे, एका माशापायी नोकरी घालवशील. जाऊ दे ना गं." मी ताटावरून उठले. 'जाऊ दे' म्हणणाऱ्यांचाच मला जास्त राग येतो. पुरुषाने हेच पत्र घातलं असतं तर त्याला जिज्ञासा म्हटलं असतं.

२ मे

उत्तर नाही.

११ जुलै

पावसाळा, तरीची होडी बंद. मढ नुसतं लांबून दिसतं. मासा वाढलाय, आता पंजाएवढा. टाकी त्याला लहान पडते. उत्तर नाही ते नाहीच.

१२ ऑगस्ट

आलं!! पत्र आलं!

"आपले चित्र व टिपण अत्यंत काटेकोर आहे. हा मासा नोंदला गेलेला नसावा असे माझे मत झाले आहे." त्यांच्या शास्त्रीय मासिकाच्या ऑक्टोबरच्या अंकात छापणार, चित्राखाली माझं नाव — कुं. प्रधान, वेसावे! मी टाकीपुढे उभी राहून पत्र मोठ्याने वाचलं. लवू टाळ्या वाजवत होते.

आणि साहेब? पत्र वाचून चष्मा पुसला. म्हणे, "आपल्या केंद्राचा मान आहे. 'डॉ. बिवलकर यांच्या मार्गदर्शनाखाली' एवढं घालायला सांगा." मार्गदर्शन! माझ्या चित्राला रांगोळी म्हणणाऱ्या माणसाचं! मी तोंडावर नाही म्हटलं. तेव्हा म्हणाले, "बरं, बरं. जागा कायम करायचं बघतोच आहे मी."

आज पहिल्यांदा ऑफिसात कोणी हसलं नाही.

२९ ऑगस्ट

लवू म्हणाले, "ताईनू, माशाची तब्येत बरी नाय दिसणा. रेघो पुसट झाल्यो."

मी भडकले. तुम्हीच पाणी वेळेवर बदललं नसेल, असं म्हटलं. पन्नाशीच्या माणसाला सगळ्यांसमोर! पाणी काल बदललेलं होतं.

७ सप्टेंबर

रेघा खरंच फिक्या. अंगाचा काळा उतरून मातकट होतोय. आजारी असणार. टाकीत पुरेसा उजेड नाही. किंवा कोलंबी बाधली. किंवा साहेबांनीच काही घातलं पाण्यात — हो, हेही मनात आलं, लिहून टाकते.

पण खातो भरपूर. धडकही मारतो, आधीसारखीच.

१५ सप्टेंबर

कल्ल्याच्या वर, खांद्यावर, निळी कमान. अजून पुरी मिटलेली नाही. शेपटी दुधासारखी पांढरी होत आलीय.

डिसेंबरातलं माझं कड्यावाल्याचं चित्र काढून काचेला लावून धरलं. तेच कडं, तीच शेपटी. मग खुर्चीवर बसले.

१६ सप्टेंबर

कोणाला सांगितलं नाही. मागच्या खोलीला कुलूप लावलं. लवूंना सांगितलं, माशाला मीच खायला घालीन.

कोणाला कळणार? मासा एक दिवस मेला म्हणायचं. चित्र खरंच आहे, जानेवारीत तो तसाच होता. नाव छापून येईल, जागा कायम होईल. सांगितलं तर बिवलकर साहेब बरणीकडे बोट दाखवून जन्मभर हसतील. आणि जागा? हंगामी बाईला घालवायला एवढं निमित्त पुरतं.

ही वही पहिल्या पानापासून चाळली. "तुमचं काम ब्रश चालवायचं" — साहेबांचं वाक्य, खाली दोन रेघा मारलेलं. आणि त्याच्या आदल्याच दिवशीचं, माझं — "तुम्ही मासे धरा, शास्त्राचं आमच्यावर सोडा." त्याखाली रेघ नाही. मला ते लागलंच नव्हतं ना! ज्यांना लागलं असेल त्या हसून पुढे गेल्या आणि पंधरा दिवसांनी मलाच दुसरा मासा धरून दिला.

मला लाज वाटते. साहेबांचा राग अजून आहे, पण आता तो राग धरायलासुद्धा लाज वाटते.

१७ सप्टेंबर

लवूंची माफी मागितली. कुलूप काढलं. साहेबांना बोलावून मासा दाखवला. पोट धरून हसले, अपेक्षेप्रमाणे. मी म्हटलं, "हसा. पण रेघांचा मासा इथलाच आहे, भटका नाही. नोंदवही दुरुस्त करा." हसू थांबलं. नोंदवही अजून दुरुस्त केलेली नाही. रोज विचारणार!

मद्रासला तार केली — छपाई थांबवा, नवा मासा नाही, कड्यावाल्याचं पोर.

१८ सप्टेंबर, रविवार

सविस्तर पत्र लिहायला बसले. हे पहिल्यांदा कोणी सांगितलं, ते संपूर्ण नावानिशी लिहावं लागतं. 'वनमाला' लिहिलं आणि पेन थांबलं. तीन वर्षं त्यांच्या टोपलीतले मासे रंगवतेय. आडनाव कधी विचारलंच नाही.