रुखवतातला काळा हंस

शनिवार, एडिसन

रुखवताचा नकाशा आज अखेर मनासारखा जमला. ईशाचं सासर पर्थला, म्हणून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया. मसूर डाळीचं हे एवढं मोठं वाळवंट, आणि खाली डाव्या कोपऱ्यात पर्थचा टिपका. एवढ्याशा टिपक्यात माझी मुलगी राहणार? असो. शेजारी त्या राज्याच्या झेंड्यावरचं चिन्ह केलंय, पिवळ्या गोलात काळा हंस. गोल हळदीच्या तांदळांचा, हंस काळ्या मण्यांचा.

संध्याकाळी वन्सं आल्या आणि बघताक्षणी म्हणाल्या, "सुनीता, लग्नात काळं? तो हंस पांढरा कर."

ईशा म्हणाली, "आत्या, ऑफिशियल आहे तो. चेंज नाही करता येत."

"रुखवत काय सरकारी असतं का?"

एरवी मी हसून विषय बदलते. पण हंस? तो बदलणार नव्हते.

"वन्सं, हे मणी ओक ट्री रोडच्या सोनाराकडचे. ईशाच्या मंगळसूत्रातले उरलेले. गळ्यात चालतात, मग हंसाला का नाही?"

वन्संचा हात आपसूक स्वतःच्या मंगळसूत्राकडे गेला. काळे मणी, पिवळं सोनं. मग त्या हंसाकडे बघत राहिल्या. एवढी ठाम मी कधीपासून झाले?

शेवटी त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि वाळवंटातला डाळीचा एक दाणा उचलला.

"चोच लाल असते ना गं त्याची? तू विसरलीस."