मानेवरची गाठ

अकोला
१२ जून २०२३

ती. चंद्रभानदादास,
दामिनीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कापसाच्या जिनिंगच्या खडखडाटानं तुहे कान गेले, फोनवर तुले अर्धंच समजते, म्हणून लिहून राहिली. माह्या मानेवरची गाठ टीबीची नाई. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, गाठ वाढतच गेली. दवाखान्यात म्हणत, धीर धरा. मी त्यायले सांगितलं, आमी एसटीच्या डेपोत पार्ट बदलूनही गाडी चालली नाई तर पुन्हा तोच पार्ट टाकत नाई, बिघाड दुसरीकडं पाहतो. गाठ काढून तपासा म्हणून अडूनच बसली.

टी-सेल लिम्फोमा निघाला. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, त्यातही दुर्मिळ जातीचा. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना वर्षात असे दोन-तीनच पेशंट भेटतात म्हणे. वाचतात किती, ते मी विचारलं. निम्म्याहून कमी, असं त्यांनी सरळ सांगितलं. सहा केमो आहेत, पहिली पुढच्या सोमवारी.

जमुनावहिनीले तूच सांग, माह्यानं होत नाई. माया पातळ होऊ देऊ नको.
तुही दामिनी


अमरावती
५ नोव्हेंबर २०२३

चि. दामिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुही सहावी केमो आटपल्यावर जमुना काल तुह्याकडून परत आली. तू मधल्या दिवसांत तोंडाले मास्क बांधून डेपोत जात होती, नव्या पोरींले गिअरबॉक्स खोलून दाखवत होती, हे तिनं सांगितलं. केस गेल्यापासून टोपी नीट बसते, असं म्हणून हसत होती म्हणे. जमुना सांगता सांगता रडली. मी जेवण सोडून अंगणात जाऊन बसलो.

एक कबूल करतो. मी दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो अन् परत फिरलो. सुई पाहिली की मले चक्कर येते. एवढा मोठा भाऊ अन् असा भित्रा! राग धरू नको.
तुहा दादा


नागपूर
९ मार्च २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

ते परत आलं, यावेळी काखेत. कडक औषधानं पुन्हा दबलं, पण डॉक्टरीणबाई म्हणतात, आता दुसऱ्याच्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी बसवल्याशिवाय टिकणार नाई. सख्ख्या भावाच्या जुळल्या तर सर्वांत बरं. तपासणीपुरतं थोडं रक्त लागते. जुळल्या तर मात्र तुले पाच दिवस इंजेक्शनं.

आपल्याले तिसरं भावंड नाई, हे लिहितानाच जड जाते. तुही भीती मले माहीत आहे. नाई म्हटलं तरी तू माहा दादाच.
दामिनी


नागपूर
१६ मे २०२४

चि. दामिनीस,
आशीर्वाद.

काचेपल्याडून तुले हात केला, पण तू झोपली होती. चिठ्ठी सिस्टरजवळ देतो.

पहिल्या इंजेक्शनाले मी आडवा झालो, हे जमुना सांगेलच, म्हणून मीच सांगतो. पाचव्याले उभा होतो. हाडं ठणकत होती, पण तुह्यापुढं ते काय! आज चार तास मशीनले जोडलेला होतो. एका हातातून रक्त निघे, पेशी बाजूला पडत, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. असं चोख मशीन जिनिंगमध्ये आयुष्यभर पाहिलं नाई. तू अकरा महिने अशा सुयांमध्ये कशी हसली, ते मले आज समजलं.

पिशवी भरली आहे. घे अन् बरी हो.
तुहा दादा


अकोला
२८ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

स्कॅन स्वच्छ आला. पेशी बसवल्यावर अंगावर पुरळ उठलं, तोंड सोललं, त्या महिन्यांत वाटलं होतं की नाई निभत. बाई म्हणतात, तपासण्या चालूच राहतील, पण दीड वर्ष निघालं हे मोठं आहे. एक तारखेपासून डेपोत पूर्ण पाळी करून राहिली.

काल डेपोत आरोग्य तपासणी होती. माह्या जुन्या कार्डावर ए पॉझिटिव्ह, अन् तिथल्या पोरीनं काढलं ओ पॉझिटिव्ह. ती घाबरली, पुन्हा तपासलं, पुन्हा ओच. मी तिले सांगितलं, चूक तुही नाई अन् कार्डाचीही नाई. दादाच्या पेशी बसल्या, तेव्हापासून माह्या अंगात रक्त त्याचंच तयार होते. सारा डेपो गोळा झाला दादा, अन् मी तुहं नाव सगळ्यायले सांगितलं.

तुले परत केलं असतं, पण कॅन्सर झालेल्यानं रक्त द्यायचं नसते म्हणे. आता ते माह्याजवळच राहील.
तुही दामिनी