माझ्या वाट्याला खरी गोळी

११ नोव्हेंबर. नगर-सुरत ट्रॅव्हल्समध्ये.
आजपासून रोज लिहिणार. नगरला सावेडीच्या हॉस्पिटलात आपलं सिलेक्शन झालं. फिटवर नवी गोळी आली आहे, तिच्या ट्रायलमध्ये. तिथल्या निकिता मॅडमनी लई वेळ समजावलं. जुनी गोळी सोडायची नाही, वर ही सकाळ-संध्याकाळ. निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना डमी. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. मी म्हणालो, मॅडम, डमी दुसऱ्या कुणाला द्या. त्या हसल्या. समजायचं ते समजलो.
धनश्रीलाही घ्या म्हटलं. धाकटी बहीण, तिलाही माझ्यासारख्याच फिट येतात. तर अठरा पूर्ण पाहिजेत म्हणे. तिला सतरा. बारावीला आहे, नर्सिंगला जायचंय.

१४ नोव्हेंबर. सुरत.
गोळी खरीच. जिभेवर कडू लागते. डमी असती तर कडू कशाला केली असती?
खोलीतल्या सहादेवला फिट समजावली. बाहेरचं काही नसतं, मेंदूत शॉर्टसर्किट. चप्पल, कांदा हुंगवायचा नाही. तोंडात काही कोंबायचं नाही. कुशीवर वळवायचं. तो म्हणाला, बरं डॉक्टरसाहेब, आज भांडी तुमच्याकडं हायेत. अशा लोकांत दिवस काढतोय.
निश्चय: उन्हाळ्याच्या आत टेम्पो शिकायचा. साड्यांचे गठ्ठे बांधण्यात जिंदगी घालवायची नाही.

२ डिसेंबर.
एकही फिट नाही! धनश्रीचा फोन होता. जुन्या गोळीनं तिला वर्गात झोप येते. केमिस्ट्रीचे सर म्हणतात, या, कुंभकर्णाच्या आत्याबाई. पोरं हसतात. रडत होती. मला एकदम आयडिया सुचली.

१० डिसेंबर. तिसगाव, घरी.
काल नगरहून नवी बाटली घेऊन आलो. आता सकाळची मी, संध्याकाळची धनश्री. एक लाडू आला तरी आम्ही वाटून खाल्लाय, मग गोळी काय मोठी? तिनं विचारलं, दादा, जुनी पण घेऊ ना? मी म्हणालो, जुनी बंद. दोघी पोटात भांडतील. ती म्हणाली, तू तर दोन्ही घेतोस. मी म्हणालो, माझं शरीर कामाचं आहे, पचतं.
आई म्हणाली, वैजा, डाक्टरला इचारलं का रं? मी म्हणालो, डॉक्टर स्वतःच म्हणतात आम्हाला माहीत नाही, त्यांना काय विचारायचं?

२७ डिसेंबर. सुरत.
धनश्रीची झोप पळाली. पहाटे उठून अभ्यास करते. म्हणाली, दादा, डोकं धुऊन ठेवल्यासारखं वाटतंय. सरांनी सगळ्यांसमोर शाब्बास म्हटलं. हॉस्पिटलनं खरं तर माझं भाषण ठेवायला पाहिजे.

७ जानेवारी. तिसगाव.
काल नगरला मॅडमनी विचारलं, गोळ्या? म्हटलं, संपल्या. खोटं नाही, संपल्याच. धनश्रीला पुढच्या महिन्याच्या दिल्या. आईची कुरकुर: सकाळी पोरीचा हात झटकतो, चहाचा कप उडतो. परीक्षेची भीती, दुसरं काय. स्टीलचा पेला द्या म्हणालो.

१९ जानेवारी. सुरत.
गोदामात चक्कर आली. जाग आली तेव्हा कुशीवर होतो, डोक्याखाली सहादेवचा शर्ट. तो म्हणतो फिट होती. फिट नव्हती. जीभ चावली ती शेंगदाणे खाताना. मॅडमना सांगण्यासारखं काही नाही.

१० फेब्रुवारी.
उद्या धनश्रीचा पहिला पेपर, इंग्रजी. फोनवर आवाज बारीक. म्हणाली, उठले तर उशीला रक्त होतं, अंग ठेचल्यासारखं दुखतंय. दादा, आजच्यापुरती जुनी घेऊ? मी म्हणालो, वेडे, आत्ता मधेच घेतलीस तर सगळी मेहनत पाण्यात. माझ्याकडं बघ. पेन दोन ने.

११ फेब्रुवारी. बसमध्ये.
परीक्षेच्या वर्गात पडली. एक फिट थांबली की दुसरी. नगरला नेलं, त्याच हॉस्पिटलात. आईचा फोन: डाक्टर इचारत्यात कुटली गोळी चालू व्हती, काय सांगू रं? मी म्हणालो, पोचलो की सांगतो. फोनवर नीट समजत नाही. शिवाय माझं नाव कटलं तर दोघांचंही नुकसान.

सापुतारा.
गाडी चहाला थांबली. निकिता मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.

१२ फेब्रुवारी. नगर.
धनश्रीच्या पोटात काय गेलं ते कळावं म्हणून माझा कोड उघडला, म्हणजे मला खरी होती की डमी ते पाहिलं. मी मनात म्हणत होतो, खरी निघू दे. गोळीनं केलं असं तरी होईल.
डमी. पहिल्या दिवसापासून.
मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, वैजनाथ, दोन महिने तिच्या अंगात औषधच नव्हतं.

१८ फेब्रुवारी.
तिला वॉर्डात आणलं. परीक्षा गेली. उजवा हात उचलत नाही. पाणी म्हणायचं असलं की आधी नुसतीच बघते, मग शब्द सापडतो. डॉक्टर म्हणतात, हात येईल. बाकीचं आत्ता सांगता येत नाही. मला ट्रायलमधून काढलं.
दुपारी सिस्टरनी वाटीत गोळ्या आणून दिल्या. आई म्हणाली, घे बाळा. तिनं घेतल्या नाहीत. डाव्या हातानं वाटी माझ्याकडं केली. लई वेळ लागला तिला बोलायला. म्हणाली, दादा, यातली कुठली घेऊ?
मी म्हणालो, सिस्टरना विचार.