सुग्रीवच्या वाफ्यातली भाजी

३ सप्टेंबर

जेवताना आमच्या राजनंदिनीने विचारलं, "आपण बाजारातली भाजी कावून आणत न्हाई?" तिचे बाबा हसले. "मी दुकानात काय इकतो ते मला ठाव हाय म्हणून!"

पाटोद्यात आमचं फवारणीच्या औषधांचं दुकान. आणि घरात भाजी फक्त सुग्रीवची — औषध न मारलेली.

५ सप्टेंबर

सुग्रीवचा गाडा आला की गल्ली गोळा होते. सगळ्या म्हणतात, चव लई न्यारी. चवीचं कुणाला पडलंय! मास्तरीणबाई सासूला कॅन्सर झाल्यापासून येतात. नसीमभाभी नातवासाठी. मी, दुकानातल्या बाटल्यांचा वास माहीत आहे म्हणून. दोडक्यात अळी दिसली की बरं वाटतं. सगळ्या भीतीपोटीच उभ्या असतो.

११ सप्टेंबर

सुग्रीवचे डोळे लाल. विचारलं तर म्हणाला, "लोकाच्या रानात कपाशी फवारायला जातो की, वहिनी. नुस्त्या भाजीवर घर न्हाई चालत." मग घाईघाईने — "भाजी तोडताना हात साबणानं धुतो बरं का!"

मी डोळ्यांचं विचारलं होतं. पण त्याच्या हातांकडे पाहिलं, हेही खरं.

१४ सप्टेंबर

गाडा आला नाही.

१५ सप्टेंबर

सुग्रीव दवाखान्यात! फवारता फवारता कोसळला. अजून शुद्ध नाही. त्याची आई बायनाबाई दुकानात आली होती. "डागदर इचारतेत, औषध कोणतं व्हतं? बाटलीवर नावच न्हाई. कळलं तर इलाज नीट व्हईल."

हे म्हणाले, "आमच्याकडची नाही ती."

मी मागच्या खोलीत होते. ती बाटली ह्यांनीच दिली होती. बंदी आलेला, बिनबिलाचा माल. इथल्या खोक्यावर औषधाचं नाव आहे.

ती गेल्यावर मी बोलले तर हे म्हणाले, "गप बस. मला जेलात घालती का?"



१६ सप्टेंबर

हे ताटावर बसले आणि म्हणाले, "आता भाजीचं कसं करायचं?"

एवढंच! सुग्रीवचं नाव नाही.

मी वाढायचं तसंच टाकून उठले. खोक्यावरचं नाव तळहातावर लिहिलं. दवाखान्यात जाऊन डॉक्टरांपुढे हात धरला. "कुठून कळलं?" म्हणाले. म्हटलं, "आमच्याच दुकानातलं आहे."

१८ सप्टेंबर

सुग्रीवने डोळे उघडले. आईला ओळखलं.

ह्यांना सकाळी पोलीस घेऊन गेले. राजनंदिनी माझ्याशी बोलत नाही.