ओहोटीचं कडवं

अम्मा, तू मागच्या दाराशी विळी घेऊन खाडीतल्या तिसऱ्या फोडत बसली होतीस आणि मी भाकरीच्या उकडीसाठी चुलीवर पाणी ठेवलं होतं. अब्बांना मुंबईला जहाजावर जाऊन चार दिवस झाले होते. घरात सगळं नेहमीसारखंच होतं. कोंबड्या सोडायच्या होत्या, हंडा घासायचा होता, आणि तू शिंपल्यातलं मांस एका टोपात टाकत टाकत तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होतीस. मी कान दिला. भरतीच्या पाण्यावर होडी हालली गो, धन्याची पेटी मुंबईला चालली गो. मी विचारलं, हे कुणाचं गाणं? तू मान वर न करता म्हणालीस, "गाणं कसलं गो, तोंडाला चाळा. पाणी बघ, उतू जाईल." हंडा घासून होईपर्यंत तुझी चार कडवी झाली होती. मी नऊ वर्षांची होते. गाणं असंही तयार होतं, हे मला त्या सकाळी कळलं.

ते गाणं घरातून बाहेर कसं पडलं ते तुला ठाऊक आहेच. मोठ्या खालाच्या मुलीच्या हळदीला बायकांची गाणी संपली, तेव्हा तू ते म्हटलंस. घरी जाताना प्रत्येकीच्या तोंडी तेच. मग खाडीपलीकडे गेलं, तिथून माहेरवाशिणींनी आपापल्या गावी नेलं. पेटी जिथे चालली तिथलं नाव तेवढं बदलायचं, बाकी गाणं तेच, म्हणून कुणालाही ते आपल्याच घरचं वाटायचं. पेटी आधी मुंबईला जायची, मग आफ्रिकेला, मग कुवेतला. मी लग्न होऊन गेले तेव्हा ती सौदीतल्या जुबैलला जात होती. नवऱ्या मुलीला हळद लावताना बायका तिच्या होणाऱ्या नवऱ्याची नोकरी कुठे आहे ते आधी विचारून घेतात, ते या गाण्यासाठीच.

पण एक कडवं कुठेच गेलं नाही. अब्बा येणार असं पत्र आलं, तेव्हा तू ते रचलंस. ओहोटीच्या चिखलात पाय उमटले गो, दारातल्या घागरीनं मी धुतले गो. ओहोटीला होडी काठाला लागत नाही, माणसाला चिखल तुडवत घरी यावं लागतं, म्हणून तू दाराशी घागर भरून ठेवायचीस. तो सगळा महिना तू ते कडवं म्हणत होतीस. अब्बा आले नाहीत. जहाजावर ताप आला आणि त्यांना तिकडेच मातीत दिलं असा निरोप आला. पुढे दोन वर्षांनी एका हळदीत मी सगळ्यांच्या पुढे ते कडवं म्हणायला लागले. तू भरल्या बायकांतून उठलीस, हळदीच्या हाताने माझं तोंड दाबलंस आणि मला ओढत घरी आणलंस. माझ्या गालावर तुझी पाचही बोटं पिवळी उमटली होती. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "ते मी म्हटलं म्हणून ते आले नाहीत. पुन्हा म्हणायचं नाही. आणि गाणं कुणाचं म्हणून विचारलं, तर जुनं आहे म्हणायचं." मी मान हलवली.

तुझा शब्द मी फार पाळला, अम्मा. लग्नानंतरची पहिली सात वर्षं तुझा जावई जुबैलला आणि मी गावी. तो सुट्टीवर यायचा असला की मी ओठ मिटून घर सारवायची, आणि तो यायचा. मला वाटायचं, मी गप्प राहते म्हणून येतो. मग त्याने मला आणि मुलाला इथे जुबैलला आणलं. इथेच मुलाच्या पहिलीच्या पुस्तकावर मी वाचायला शिकले. सामान गुंडाळून आलेले मराठी पेपर मी हाताने सरळ करून ठेवायची, ते वाचता वाचता पुस्तकांपर्यंत आले. पुढे गावी खाडीवर आमचं घर बांधून झालं, कायमचं परत जायचं ठरलं, आणि निघायला महिना असताना तो ड्युटीवरून आला, छातीत कळ आली म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत गेला. त्याची माती इथेच आहे. मुलगा तोवर इथेच कामाला लागला होता, त्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, मी राहिले. पुष्कळ वर्षं गेली तेव्हा एकदा तांदूळ निवडताना माझ्या मनात आलं की मी तर ते कडवं एकदाही म्हटलं नव्हतं. तरी तो घरी गेला नाही. म्हणजे दोष कडव्याचा नव्हता. अब्बांना तापाने नेलं. तू काहीच केलं नव्हतंस. हे तुला सांगायला मी उशीर केला, आणि तू ते ओझं घेऊनच गेलीस.

आता तुझ्या नातवाला फायनल एक्झिट लागला आहे, कायमचं परत जायचं. कंपनीत ती जागा इथल्या मुलांना द्यायची आहे. त्याच्या जागेवर आलेल्या मुलाला यानेच तीन महिने काम शिकवलं. मुलगा चांगला आहे, खजुराचा डबा घेऊन घरी येऊन गेला. देश त्यांचा, जागाही त्यांची, याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या बिल्डिंगमधली चार घरं अशीच निघाली आहेत आणि पुरुष खाली मान घालून जिने उतरतात. माझा मुलगा जेवताना म्हणाला, "अम्मी, कुठल्या तोंडाने गावाला जाऊ? लोक विचारतील, काढलं काय रे." सून ताट उचलून आत गेली.

त्याच आठवड्यात शेजारणीच्या मुलीची हळद होती. बायका जमल्या, तुझं गाणं सुरू झालं, आणि पेटी कुठे न्यायची तिथे सगळ्या अडकल्या. नवरा मुलगाही एक्झिट घेऊन रत्नागिरीत दुकान टाकणार होता. एक म्हणाली, "आता पेटी उलटी चालली म्हणा." हसू झालं, पण शेजारणीचे डोळे भरले. मग वाद निघाला की गाणं कुठलं. श्रीवर्धनची म्हणाली आमचं, बाणकोटची म्हणाली आमचं. एक म्हातारी म्हणाली, "नवाबाच्या वेळचं आहे ते." दुसरी म्हणाली, "मग नवाबाला जुबैल कसं ठाऊक होतं गो?" माझी नात मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होती. तिने मला विचारलं, "दादी, किसने लिखा? रायटर कोण?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "जुनं आहे. कोण जाणे." गाणं नेहमीच्या जागी संपलं, पेटी गेली तिथे. घरी येणाऱ्याचं ते कडवं मला येत होतं आणि मी भिंतीला टेकून बसले होते.

हे पत्र पाठवायचं कुठे? आणि तुला वाचता येत नव्हतं. तरी लिहिते, कारण एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या दिवशी मी गप्प बसले ते तुझ्या शब्दासाठी नाही. दोष कडव्याचा नाही हे मला कळून चुकलं होतं, तरी मुलगा सुखरूप घरी पोचायचा आहे म्हणून मी भ्याले.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उकड मळायला बसले. मुलगा शेवटच्या ड्युटीला निघाला होता, दाराशी बूट घालत होता. त्याची खाली घातलेली मान बघून मी तुझं गाणं पहिल्यापासून म्हटलं, आणि पेटी गेल्यावर थांबले नाही, ओहोटीचं कडवंही म्हटलं. त्याच्या हातातली नाडी तशीच राहिली. तो म्हणाला, "याच्या पुढे पण आहे?" नात मोबाइल घेऊन आली आणि म्हणाली, "दादी, फिरसे." मी पुन्हा म्हटलं, आणि माझ्या आईने रचलंय असं सांगून तुझं नाव घेतलं.